लिंबू, रॉकेलचा डबा आणि तीनशे साठ घोडे

पायातलं काढा आणि उतरा. पाणी मांडीपर्यंतच आहे, घाबरण्यासारखं काही नाही. फक्त पाऊल उचलून टाकू नका, घासत पुढे सरकवा. तळाचे गोटे शेवाळलेले आहेत आणि पाच हातांवर कुंड आहे. मोबाइल खिशात असू द्या, त्याला रेंज यायला अजून पाऊणशे वर्षं आहेत.

तुम्ही बदलापूरहून कोंडेश्वरच्या डोंगराकडे जाताना लागणाऱ्या एका ओढ्यात उभे आहात. साल 1919, महिना आषाढाचा. डोंगर दिसत नाही, तो ढगात गेलाय. पाऊस असा लागलाय की शेजारचा माणूस काय बोलतो ते त्याच्या तोंडाकडे बघून ओळखावं लागतं. अंगावरची घोंगडी भिजून दुप्पट वजनाची झाली आहे आणि तिला मेंढीचा, धुराचा आणि तीन दिवसांच्या घामाचा असा मिळून एक वास येतोय. थोड्या वेळाने तो तुम्हाला जाणवेनासा होईल. पायाच्या बोटांमधून काहीतरी पळालं ना? खेकडा होता. पलीकडे कातकऱ्याचं पोर कमरेला टोपली बांधून त्याच्याच मागावर आहे, आणि तुम्ही त्याची शिकार बिघडवल्याबद्दल तुमच्याकडे रागाने बघतंय.

“ए, दोरी ताण!”

ही हाक तुम्हालाच आहे. काठावर काळी छत्री धरून उभे आहेत ते ओव्हरशियर रावसाहेब. पायांना पट्ट्या, अंगात खाकी कोट, डोक्यावर पगडी, काखेत मेणकापडात गुंडाळलेलं फील्ड बुक. ते तुम्हाला अरे-तुरे करतात, त्याचं वाईट वाटून घेऊ नका. आज तुम्ही त्यांचे मोजणीचे खलाशी आहात आणि खलाशाला अहो-जाहो म्हणायची पद्धत अजून निघालेली नाही.

रावसाहेब माझ्या कल्पनेतले. त्यांचं काम मात्र खरं. नुकत्याच संपलेल्या जर्मन लढाईत सरकारच्या लक्षात आलं की कारखाने चालवायचे तर वीज लागते आणि विजेसाठी या देशात पाणी किती आहे ते कुणीच मोजलेलं नाही. मग जी. टी. बार्लो आणि जे. डब्ल्यू. मिअर्स या दोन इंजिनियर साहेबांकडे साऱ्या हिंदुस्थानातल्या जलशक्तीची पाहणी सोपवली गेली. त्यांचा पहिला अहवाल याच साली छापून आला. अहवालात आकडे असतात, पण प्रत्येक आकड्याच्या बुडाशी कुणीतरी मांडीभर पाण्यात दोरी धरून उभं असतं. ते कुणीतरी म्हणजे सध्या तुम्ही.

दोरी या काठावरच्या उंबरापासून त्या काठावरच्या खडकापर्यंत ताणली आहे. दर दोन फुटांवर गाठ. प्रत्येक गाठीपाशी जाऊन फुटांच्या खुणा केलेला बांबू तळाला टेकवायचा आणि पाणी कुठवर आलं ते ओरडून सांगायचं. “फूट सहा इंच!” रावसाहेब पेन्सिल थुंकीने ओली करून लिहितात. “दोन फूट चार!” मधल्या गाठीशी प्रवाह तुमच्या गुडघ्यांना ढकलायला लागतो, बांबू हातात थरथरतो आणि पाणी त्याच्या एका अंगाला चढून दुसऱ्या अंगाला उतरतं. “कुठलं वाचू, वरचं का खालचं?” तुम्ही विचारता. प्रश्न चांगला आहे. रावसाहेब क्षणभर छत्री बाजूला करून तुमच्याकडे बघतात. “दोन्हीच्या मधलं,” म्हणतात.

बेरीज-भागाकार झाला. ओढा 20 फूट रुंद, सरासरी खोली 2 फूट, म्हणजे पाण्याचा छेद 40 चौरस फूट. आता पाणी किती वेगाने धावतंय ते बघायचं, आणि त्यासाठी रावसाहेबांनी खिशातून काय काढलं? लिंबू. हसू नका. लाकडाचा तुकडा वाऱ्याने भरकटतो, पान भोवऱ्यात फिरत बसतं. लिंबू मात्र निम्म्याहून जास्त पाण्यात बुडून, पाण्याच्याच चालीने चालतं आणि पिवळं असल्याने गढूळ पाण्यातही दिसतं. वरच्या खुणेपाशी सोडायचं, 50 फुटांवरच्या खालच्या खुणेपाशी पकडायचं, मधला वेळ खिशातल्या घड्याळाच्या सेकंदकाट्यावर बघायचा.

पहिलं लिंबू खडकाला अडकलं. तो फेरा बाद. दुसरं कुंडात गेलं, कायमचं. तिसरं सोडलं तेव्हा वरच्या खाचरात लावणीला वाकलेल्या बायका एकामागून एक सरळ उभ्या राहिल्या. पाठीवर इरली, पोटऱ्यांपर्यंत चिखल, हातात आवणाच्या मुठी. त्यांना दिसतंय ते इतकंच की शहरातला एक माणूस भर पावसात ओढ्यात लिंबं सोडतोय आणि तोंडाने काहीतरी पुटपुटतोय. त्यातली म्हातारी बांधावर आली.

“सायेब, कुनाला बाधा झालीया?”

रावसाहेब आकडे मोजत होते, त्यांनी मान वर केली नाही. “नदीला,” म्हणाले.

म्हातारीने समजल्यासारखी मान हलवली. गेल्या वर्षी पावसाने दगा दिला, पाठोपाठ मानमोडीची साथ आली आणि गावातली माणसं पटापट गेली. नदीला बाधा झाली असेल हे तिला अगदीच पटण्यासारखं आहे. उरलेल्या लिंबांना मात्र आता कातकऱ्याचं पोरसुद्धा हात लावेना.

चार-पाच चांगल्या फेऱ्यांची सरासरी निघाली साडेबारा सेकंद. म्हणजे पाण्याचा वरचा थर सेकंदाला 4 फूट धावतोय. पण वरचा थर नेहमीच जास्त मिजाशीत असतो, तळाचं पाणी दगडांना घासत कण्हत चालतं. म्हणून रावसाहेब त्यातून चौथा हिस्सा कापतात. राहिले 3 फूट. 40 गुणिले 3, सेकंदाला 120 घनफूट. याला ते क्युसेक म्हणतात. धरणातून किती क्युसेक सोडलं याच्या बातम्या तुम्ही दर पावसाळ्यात वाचता, त्यातला एक क्युसेक म्हणजे काय हे आज प्रथमच तुमच्या मांड्यांना कळलं असेल.

अर्धं काम झालं. पाणी नुसतं असून भागत नाही, ते पडलं पाहिजे. आता तिपाई खांद्यावर घ्या. तिच्यावर बसणारी पितळेची दुर्बीण, डम्पी लेव्हल, रावसाहेब स्वतःच घेतील. ती पडली तर तुमचा वर्षाचा पगार भरूनही येणार नाही. स्टाफ, म्हणजे खुणा केलेली उंच पट्टी, घेऊन तुम्ही धबधब्याच्या कडेने उतरायचं. करवंदीच्या जाळीत सदरा फाटेल, तुषारांनी डोळे मिटतील, आणि वरून आवाज येत राहील: “सरळ धर! अरे, सरळ! डावीकडे कललाय!” एका टप्प्यावर मागची नोंद, मग पुढची, मग दुर्बीण खाली आणायची, पुन्हा मागची. धबधब्याची उंची तोंडाने सांगणारे वाटेत तिघे भेटले. एक म्हणाला शंभर फूट, दुसरा म्हणाला ताडाएवढा, तिसऱ्याने नुसतेच दोन्ही हात आभाळाकडे केले. दुर्बिणीने काढली 36 फूट. पाणी नळातून आणताना घर्षणात काही उंची खर्ची पडते, तिचे 3 फूट रावसाहेबांनी न मागता वजा केले. मला हा माणूस इथे फार आवडतो. अंदाज करताना स्वतःहून कमी लिहिणारी माणसं थोडी.

“120 गुणिले 33, भागिले 11,” ते म्हणाले. “कर तोंडी.”

11 कुठून आले? एक घनफूट पाण्याचं वजन 62.4 पौंड. सेकंदाला 550 पौंड एक फूट उचलण्याची ताकद म्हणजे एक घोडा, ही इंजिनियरांची मोजणी. एकाला दुसऱ्याने भागलं की 8.8 येतात. चाकात आणि यंत्रात पाचवा हिस्सा वाया जातो असं धरलं की झाले 11. वहीच्या पहिल्या पानावर शाईने लिहून ठेवलेलं हे एवढंच शास्त्र. तुम्ही शाळेत किलोवॉट शिकलात तर तसं करा: सेकंदाला किती घनमीटर, गुणिले किती मीटर उंची, गुणिले 9.81, आणि यंत्राची कार्यक्षमता. छोट्या यंत्रांना आजचे इंजिनियर साधारण 7 ने गुणून मोकळे होतात.

उत्तर तीनशे साठ. तीनशे साठ घोडे! आजच्या मापात 268 किलोवॉट. घोंगडी जड आहे हे तुम्ही विसरलात. एका नाव नसलेल्या ओढ्यात तीनशे साठ घोडे, आणि खाली बदलापुरात संध्याकाळी काय? वाण्याच्या दुकानात एक कंदील, स्टेशनावर दोन. तुम्ही मनातल्या मनात घरोघर तारा ओढल्यासुद्धा.

रात्री चावडीवर मुक्काम. तांदळाची भाकरी, सुकटीची चटणी, वर कांदा. भिजलेल्या लाकडांचा धूर छपराखाली अडकून राहिलाय, डोळ्यांतून पाणी थांबत नाही, पण धूर आहे म्हणून मच्छर कमी आहेत, तेव्हा तक्रार करू नका. रात्रीच्या गाडीचा आवाज येतो. आधी रुळांची थरथर, मग इंजिनाचं धापणं, मग कोळशाचा आंबूस वास. जी. आय. पी. रेल्वेचं वाफेचं इंजिन पुढे घाट चढायचंय म्हणून आत्तापासूनच कुरकुरतंय.

रावसाहेब आज खुशीत नाहीत. तुमचे तीनशे साठ घोडे वहीत लिहून त्यांनी पुढे पेन्सिलीने प्रश्नचिन्ह काढलंय. तुम्ही विचारता तेव्हा ते उत्तर न देता खोपोलीची गोष्ट सांगायला लागतात. तिथलं टाटांचं वीजघर सुरू होऊन चारच वर्षं झाली आहेत आणि इंजिनियर मंडळी अजून तिकडे यात्रेला गेल्यासारखी जाऊन येतात. डेव्हिड गॉसलिंग नावाच्या मुंबईच्या एका साहेबाने जमशेटजींच्या डोक्यात ती कल्पना घातली म्हणतात. घाटमाथ्यावर, लोणावळ्याच्या अंगाला, पाऊस कोसळतो. ते पाणी माथ्यावरच तळी बांधून अडवायचं आणि कड्यावरून नळांतून खाली सोडायचं. उंची 1725 फूट.

“आता सूत्र लाव,” रावसाहेब म्हणतात. “एकच क्युसेक घे.”

1725 भागिले 11. एकशे सत्तावन्न घोडे! एका क्युसेकमधून! तुमच्या ओढ्यातल्या एका क्युसेकमधून किती निघत होते? 33 भागिले 11, तीन. तुम्ही भाकरीचा घास हातात धरून बसलात.

“आणि तरीसुद्धा,” रावसाहेब कंदिलाची वात खाली करत म्हणाले, “त्यांनी आधी तळी बांधली. नळ नंतर.”

तळी का, ते कळायला तुम्हाला पुढच्या वैशाखात नेतो. श्वास रोखून धरा, कारण तिथल्या हवेला वेगळाच चटका आहे.

धूर तिथेही आहे, पण कोरडा. खाचरांत राब भाजलाय. शेण, पालापाचोळा, फांद्या, सगळं जाळून रोपांसाठी काळी चौकोनी ठिगळं तयार ठेवली आहेत आणि त्यांची राख वाऱ्याबरोबर उडून तुमच्या ओठांवर बसते. दुपारचे बारा. खडकावर हात टेकू नका. टेकलात? फुंकर घाला, दुसरं काही करता येण्यासारखं नाही. डोक्यावरच्या रुमालाला घामाच्या मिठाची पांढरी किनार आली आहे. करवंदं पिकली आहेत, तोंडात टाका, तेवढाच ओलावा.

हाच तो ओढा. उंबर ओळखलंत ना? दोरी बांधायला पलीकडचा खडकही जागेवर आहे. फक्त मध्ये पाणी नाही. गेल्या आषाढात जिथे बांबू थरथरत होता तिथे आता गुरं बसली आहेत. कड्याच्या पोटातून मनगटाएवढी एक धार येते आणि कुंडात पडते. पडते म्हणजे खडकाला चिकटून ओघळते.

लिंबांचा आज उपयोग नाही. रावसाहेबांनी रॉकेलचा रिकामा डबा आणलाय. चार गॅलनचा, म्हणजे 18 लिटरचा. वरचा पत्रा कापलेला, कडेला लाकडी दांडी बसवलेली. हा डबा या काळात सगळीकडे आहे. पाणी आणायला, धान्य साठवायला, छपराचं भोक बुजवायला. आज तो शास्त्राच्या सेवेत आहे. केळीच्या सोपटाची पन्हळ करून धार डब्यात धरायची आणि घड्याळ बघायचं. 9 सेकंदांत डबा भरला. सेकंदाला दोन लिटर.

सूत्र तेच, उंची तीच. आलं उत्तर: एका घोड्याचा पाचवा हिस्सा. साधारण दीडशे वॉट, तेही यंत्र मोठ्या वीजघरातल्यासारखं नामी असेल तर. एवढ्याशा धारेवर फिरणारं छोटं चाक त्यातला आणखी तिसरा हिस्सा वाटेतच खाईल, म्हणजे हाती शंभर वॉट. तुमच्या घरातला एक पंखा आणि एक-दोन दिवे. तीनशे साठ घोड्यांपैकी तीनशे एकोणसाठ आणि वर थोडे उधळले, कार्तिकातच कधीतरी.

इथे तुमची निराशा झाली असेल तर त्यात सगळा दोष तुमचा नाही. आपल्याकडे धबधबा बघायला माणूस पावसाळ्यातच जातो. हिशेबही तेव्हाच सुचतो. पण सह्याद्रीत वर्षाचा जवळजवळ सगळा पाऊस चार महिन्यांत पडून जातो आणि खालचा काळा खडक पाणी फारसं पोटात ठेवत नाही. म्हणून इथल्या ओढ्याची ताकद विचारायची तर आषाढाला विचारू नये. आजही छोट्या जलविद्युत योजनेचा अभ्यास करणारे निदान वर्षभर प्रवाह मोजतात, वर्षाच्या किती दिवसांत किती पाणी मिळतं याचा आलेख काढतात, आणि शंभरातले नव्वद दिवस हमखास मिळेल तेवढंच पाणी खात्रीचं धरतात. सरकारी भाषेत 100 किलोवॉटपर्यंत सूक्ष्म, 2 मेगावॉटपर्यंत मिनी, 25 मेगावॉटपर्यंत लघु. आपला ओढा आषाढात मिनी आहे आणि वैशाखात सूक्ष्माच्या रकान्यातही जेमतेम बसतो.

पण वर्षभर मोजायला रावसाहेबांना सवड कुठली? त्यांना आठवड्यात तीन ओढे उरकायचेत. तेव्हा ते काय करतात ते बघा, माझ्या मते त्यांची खरी हुशारी इथे आहे. ते उल्हासच्या पात्रात जाऊन बसतात.

चला. वाळू तापली आहे, वहाणा घाला. उल्हास नदी म्हणजे या दिवसांत अधूनमधून हिरवट डोह आणि मध्ये कोरडी गोट्यांची वाट. डोहावर म्हशी. काठाच्या गाळाच्या पट्ट्यावर कुणीतरी काकडीचे वेल लावलेत, त्यांना काट्यांचं कुंपण. आणि पात्राच्या मधोमध वाळूत खणलेले झिरे, प्रत्येक झिऱ्याभोवती चार-पाच हंडे आणि त्यांच्या मालकिणी. पाणी झिरपून वर येतं तसं करवंटीने अलगद उचलायचं, गाळ ढवळू द्यायचा नाही, फडक्यातून हंड्यात ओतायचं. करवंटीचा तो खरवडल्यासारखा आवाज ऐका. सावकाश, एका लयीत, मध्ये थांबा, पुन्हा.

रावसाहेब पगडी काढून गुडघ्यावर ठेवतात आणि विचारायला लागतात. हंडा भरायला किती वेळ लागतो? शिमग्याला किती लागायचा? झिरा किती हात खोल गेला? गेल्या साली, पाऊस नव्हता तेव्हा, किती हात गेला होता? बायका आधी लाजतात, मग एकमेकींना खोडून काढायला लागतात, मग सगळ्या एकदम बोलतात. लिंबांवरून विचारणारी म्हातारी इथेही आहेच. ती सांगते की दुष्काळात झिरा पुरुषभर गेला होता आणि पोर आत उतरवून पाणी काढावं लागायचं. रावसाहेबांची पेन्सिल थांबत नाही. पुराची खूण गुराख्याला विचारायची, आटण्याची खूण पाणी भरणाऱ्या बाईला. वीस वर्षांचा आलेख त्या झिऱ्याभोवती बसलेला असतो, तो लिहून घेणारा भेटत नाही इतकंच.

दुपारच्या गाडीने अंबरनाथ. तिसऱ्या वर्गाच्या बाकावर तुम्ही, एक कोंबड्यांची पाटी, दोन विड्या ओढणारे आणि खिडकीतून येणारी कोळशाची कणी. डोळे चोळू नका, ती आणखी रुतते. उन्हातून शिवमंदिराकडे चालत गेलात की आधी गाभाऱ्यात उतरा. हो, उतरा. इथला गाभारा मंडपापेक्षा खोल आहे. पायऱ्या उतरताना अंगावरचा घाम थंड पडतो, वटवाघळांचा वास येतो आणि वर बघितलं तर शिखराच्या जागी आभाळाचा तुकडा दिसतो. शके 982 चा शिलालेख आहे इथे, शिलाहारांच्या काळचा. बाहेर भिंतीवर दगडात किती जण नाचतायत ते संध्याकाळी बघू, आत्ता रावसाहेब वालधुनीच्या काठी वाट बघतायत.

वालधुनीचं पाणी स्वच्छ आहे. मुद्दाम सांगतो, कारण तुम्हाला खरं वाटणार नाही. तळाचा गोटा दिसतो, माशांची पिल्लं पायाला टोचतात, आणि तुम्ही त्याच ओंजळीने तोंड धुता. रावसाहेबांनी हिशेब दोन मिनिटांत उरकला. पावसाळ्यात सेकंदाला अर्धा घनमीटर आणि दोन मीटरचा उतार मिळाला असं धरा, तरी गुणिले 7, सात किलोवॉट. उन्हाळ्यात पूज्य. “देवळात दिवे लागतील, आषाढात,” ते म्हणाले आणि वही मिटली.

आता एक लांब उडी. 1923, पुन्हा वैशाख, पुन्हा बदलापूर, तेच ऊन, तीच राख. पात्राकडे चला. थांबा, आवाज येतोय ना? आकाशात ढगाचा ठिपका नाही आणि नदी वाहतेय. गोट्यांवरून, गुडघाभर, चांगली खळाळत. म्हशी डोह सोडून प्रवाहात उभ्या आहेत. पोरं तर सकाळपासून बाहेरच आलेली नाहीत.

पाणी आलंय वरून, पण आभाळातून नाही. मावळात ठोकरवाडीला आंध्रा नदीवर धरण झालं. ही आंध्रा इंद्रायणीला मिळते, इंद्रायणी भीमेला. म्हणजे हे पाणी जायचं होतं पूर्वेच्या समुद्राला. त्याला कड्यातून बोगद्याने पश्चिमेकडे वळवून सुमारे पाचशे मीटर खाली भिवपुरीला आणलं. 1922 मध्ये तिथलं वीजघर सुरू झालं. पेल्टन चाकांच्या वाट्यांवर आदळून, तिथे आपली सगळी ताकद देऊन, पाणी पेज नदीत उतरतं आणि पेजेतून उल्हासला येतं. वीज तारांवरून मुंबईला गेली, पाणी उतारावरून बदलापूरला आलं. मुंबईला वीज लागली की चाकं फिरणार, चाकं फिरली की नदीला पाणी. आज बदलापूर, अंबरनाथ आणि पुढच्या शहरांत उन्हाळ्यात पाणीकपात किती हे ठरवताना बारवी धरणाबरोबर आंध्रा धरणात किती साठा उरला ते बघतात, त्याचं मूळ हे.

रावसाहेबांचे केस पांढरे झालेत. ते तुम्हाला सूत्र उलटं लावायला सांगतात, आणि आपण भिवपुरीचे आजचे 75 मेगावॉट घेऊ: पाचशे मीटर उंची, यंत्र शंभरात पंच्याऐंशी गुणांचं, तर पूर्ण भाराने चालताना सेकंदाला साधारण 18 घनमीटर पाणी लागेल. आता तेच 18 घनमीटर बदलापुरात आलं. इथे दोन मीटरचा बंधारा घालून चाक बसवलं तर? 18 गुणिले 2 गुणिले 7. अडीचशे किलोवॉट. जे पाणी कड्याखाली 75 हजार किलोवॉट देऊन आलं, त्याच्याकडे इथे देण्यासारखं तेवढंच उरलंय. आषाढातल्या आपल्या ओढ्यापेक्षाही थोडं कमी, फक्त हे वैशाखात.

तुम्ही झिरे शोधताय का? ते गेले. हंडा आता नुसता बुडवला की भरतो. म्हातारी काठावर बसली आहे, पण ती खुशीत नाही. गाळाच्या पट्ट्यावरचे काकडीचे वेल तिचे होते.

“पानी सोडायच्या आधी सांगायचं तरी,” ती रावसाहेबांना सुनावते. “वैशाखात पूर येतो, हे कोनाला म्हाईत?”

रावसाहेब वीजघराचे नोकर नाहीत, पण ऐकून घेतात. फील्ड बुकात शेऱ्याचा रकाना अरुंद असतो. काकड्या त्यात बसत नाहीत.

शेवटचा मुक्काम जवळच आहे, पण तिकीट काढताना ‘उल्हासनगर’ म्हणू नका, मास्तर गोंधळेल. 1949 चा उन्हाळा आहे आणि अजून हे कल्याण कॅम्प आहे. लढाईच्या वेळी शिपायांसाठी उभारलेल्या बराकींच्या रांगा, मध्ये मोकळं माळरान, धूळ, आणि त्या बराकींत सिंधमधून घरदार सोडून आलेली लाखभर माणसं. पावसाळ्यात गव्हर्नर जनरल राजगोपालाचारी येऊन कोनशिला बसवतील आणि गावाला शेजारच्या नदीचं नाव मिळेल. आत्ता मिळतो तो पापड लाटण्याचा आवाज, गोणपाटाच्या पडद्यांआडून, प्रत्येक बराकीतून. जिऱ्याचा आणि तापल्या तेलाचा वास. एका कुटुंबाने बराकीच्या तोंडाशीच दुकान मांडलंय: चार साबणाच्या वड्या, धाग्याची रिळं आणि काचेच्या बरणीत गोळ्या.

नळ कोपऱ्यावर आहे. रांग कुठे संपते ते दिसत नाही. रांगेत माणसं कमी, डबे जास्त. तेच रॉकेलचे चार गॅलनचे डबे, लाकडी दांडीचे, प्रत्येकावर चुन्याने केलेली खूण, आणि डब्याचा मालक सावलीत. नळाची धार करंगळीएवढी. सवयीने तुम्ही पुढे सरकून आकडे मोजायला लागता. एकशे सत्तर, एकशे पंच्याहत्तर, एकशे ऐंशी. भरला. तीन मिनिटांना 18 लिटर, म्हणजे सेकंदाला एक दशांश लिटर, उंची दीड हात, तर घोडे किती...

“साईं, लाइन में आओ!” मागून एक बाई ओरडते. तिच्या कडेवर पोर आहे, दुसऱ्या हातात दोन डबे. तुम्ही घाईने सांगायचा प्रयत्न करता की तुम्ही पाणी घेत नव्हता, मोजत होता.

ती डबे खाली ठेवते. कमरेवर हात घेते. तिच्या मागची रांगही आता तुमच्याकडे बघायला लागली आहे. मोजलंत ना, मग सांगा, तिचं म्हणणं: नळ पाच वाजता बंद होतो, पुढे एकतीस डबे आहेत, तिचा नंबर लागणार का?

तीन गुणिले एकतीस. किती वाजलेत ते बघा आणि लवकर सांगा.